देवाचा पाट आणि ओलीचा वास

भाद्रपद लागला की कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या भरतात. रात्रभराचा प्रवास करून आलेला चाकरमानी गावच्या बंद घराचं कुलूप काढतो. कुलूप गंजलेलं असतं, दार फुगून चौकटीत रुतलेलं असतं. खांद्याचा रेटा देऊन ते उघडलं की सगळ्यात आधी सामोरा येतो तो वास. कुबट, गार, भिजलेल्या गोणपाटासारखा. जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने त्या घरात एकटा पाऊसच राहिलेला असतो.

खिडक्या उघडल्या जातात, केर निघतो आणि मग माळ्यावरून गणपतीचा पाट खाली काढतात. फणसाच्या लाकडाचा, दोन पिढ्यांपूर्वी घडवलेला. त्याच्यावर राखाडी-पांढरी भुरी बसलेली असते. बोट फिरवलं तर रेघ उमटते, नाकाशी धरला तर घरभर पसरलेला वास इथे दाट होऊन भेटतो. चतुर्थी परवावर आलेली असते. या पाटावर देव बसवायचा का?

घरात दोन उत्तरं असतात. कुणी म्हणतं, गोमूत्र शिंपडा, धूप फिरवा, झाला शुद्ध. ओटीवर बसलेली आजी मात्र म्हणते, "आधी वत दाखव तेका." वत म्हणजे ऊन. ऐकायला दोन्ही उत्तरं सारखीच घरगुती वाटतात, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. पहिल्या उत्तरात अशुद्धी ही अदृश्य गोष्ट आहे आणि ती विधीने जाते. दुसऱ्यात पाटाला काहीतरी झालेलं आहे आणि ज्यामुळे झालं ते काढल्याशिवाय ते जाणार नाही. धर्म ज्याला शुद्धी म्हणतो ती नेमकी कुठली? हा प्रश्न कोकणातल्या एका पाटापुरता नाही. वेगवेगळ्या धर्मांनी तो ओल्या लाकडाच्या आणि ओल्या भिंतीच्या निमित्ताने खरोखरच विचारलेला आहे.

आधी पाटाला काय झालं ते पाहू. लाकूड तोडलं, वाळवलं, रंधलं, तरी हवेशी त्याची देवघेव संपत नाही. पापड सादळतो तसं लाकूडही सादळतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. कोकणात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. बंद घरात, भिंतीला टेकून ठेवलेल्या लाकडाला पाणी परत हवेत सोडायची संधीच मिळत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. पृष्ठभागावरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ते रुजतात आणि लाकडावरची धूळ, हाताचा तेलकटपणा, जुनं तेलपाणी खाऊन वाढतात. त्यांच्या पचनातून हवेत उडणारी रसायनं बाहेर पडतात. त्यांतलं एक तर अळंबीला तिचा वास देणारं आहे. म्हणून पाटाला येणारा वास हा पाटाचा नसतो, त्याच्यावर जगणाऱ्या जीवांचा असतो. लाकडाची रंध्रं तो शोषून घेतात आणि बुरशी मेल्यावरही बराच काळ सांभाळून ठेवतात. वरवर फडकं मारलेला पाट चार दिवसांनी पुन्हा वास मारू लागतो तो यामुळे.

जुन्या घरांत हे कमी व्हायचं. चुलीचा धूर माळ्यातून, वाशा-रिपांमधून कौलांबाहेर जायचा. वासे काळेकुट्ट व्हायचे, पण कोरडे राहायचे. माळ्यावरचं सामानही त्या ऊबेत पावसाळा काढायचं. गॅस आला, घरातल्या बाईच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर गेला, हे फार चांगलं झालं. त्याबरोबर लाकडाची रोजची शेकोटीही गेली. पुढे माणसंच शहरात गेली आणि घरं वर्षातले अकरा महिने बंद राहू लागली.

आता वासाचं तत्त्वज्ञान. भारतीय दर्शनांत वासाचा सगळ्यात काटेकोर विचार वैशेषिकांनी केला. कणादाच्या या परंपरेत गंध हा गुण फक्त पृथ्वी या द्रव्याचा मानला आहे. पाणी, तेज, वायू यांना स्वतःचा गंध नाही. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेल्या 'तर्कसंग्रह' या छोट्या ग्रंथात पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केलेली आहे. न्यायशास्त्र शिकणारा विद्यार्थी आजही बहुधा याच पुस्तकापासून सुरुवात करतो. त्यावर आक्षेप येतो, मग पाण्याला वास येतो तो कसा? उत्तर असं, की तो पाण्यात मिसळलेल्या पृथ्वीचा आहे, पाणी त्याचं नुसतं वाहन आहे. दुसरा आक्षेप दगडाचा. दगड पार्थिव, पण त्याला वास कुठे येतो? तर म्हणे, त्याचं भस्म करून पाहा. गंध होताच, आपल्या नाकाला कळत नव्हता.

या लोकांना बुरशीचं रसायन ठाऊक होतं असं म्हणणं खोटं ठरेल आणि त्यांचा मोठेपणा त्यावर अवलंबूनही नाही. त्यांचा मोठेपणा प्रश्नाच्या शिस्तीत आहे. वास आला की ते विचारतात, हा गुण कुणाचा? ज्याच्यावर आपण तो ढकलतोय त्याचा, की त्याच्यात मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा? पाटाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला तर निम्मं काम होतं. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. पृथ्वीचा रंग, रस, गंध आणि स्पर्श हे तेजाच्या संयोगाने बदलतात. कच्चा आंबा आणि पिकला आंबा यांच्या वासातला फरक ते असाच समजावतात. वास हा वस्तूला कायमचा चिकटलेला कलंक मानलेला नाही. आजीचं "वत दाखव" हे या विचाराचं अंगणातलं रूप म्हणता येईल.

यात एक गंमतशीर गाठ आहे. ओल्या मातीच्या वासामागचं एक मुख्य द्रव्य १९६५ साली नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हॅलिए यांनी वेगळं काढलं आणि त्याला जिओस्मिन हे नाव दिलं. जमिनीतले काही जिवाणू ते तयार करतात आणि माणसाचं नाक ते इतक्या अल्प प्रमाणात ओळखतं की लाख कोटी भागांत मोजके भागही पुरतात. त्याच्या आदल्याच वर्षी इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पहिल्या पावसाच्या वासावर निबंध लिहिला होता. उत्तर प्रदेशात कनौजचे अत्तरवाले हाच वास कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीतून चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. आणि तेच जिओस्मिन तळघरात, पिण्याच्या पाण्यात किंवा धान्यात उतरलं की लोक नाक मुरडतात. मृगाच्या सरीला जो गंध आपण ओटीवर उभं राहून छातीभर ओढून घेतो, तोच गंध भाद्रपदात फडताळातून आला की कुबट ठरतो.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली शुद्धी-अशुद्धीवरच्या आपल्या ग्रंथात याच गाठीला हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घाण म्हणजे आपल्या जागेवर नसलेली वस्तू. शेतातला चिखल ही माती, तोच जाजमावर आला की घाण. अंगणातली बुरशी पालापाचोळा कुजवून झाडांना खायला घालते, देवघरातली बुरशी पाट खाते. हे पटण्यासारखं आहे. फक्त एक प्रश्न उरतो आणि तो लहान नाही. कुठली वस्तू कुठे शोभते, हे कोण ठरवतं?

आपल्या धर्मशास्त्रांत वस्तूंच्या शुद्धीला द्रव्यशुद्धी म्हणतात आणि तिच्यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय या बाबतीत विलक्षण व्यवहारी आहे. कापड, धातू, धान्य, जमीन, प्रत्येकाचा उपाय वेगळा. लाकडाच्या वस्तूला सांगितलेला उपाय आहे तासणं. वरचा थर रंध्याने काढून टाका. कोकणातल्या कुठल्याही सुताराला विचारलं तर तोही हेच सांगेल. त्याच अध्यायात एक कसोटीही दिली आहे. वस्तूला लागलेल्या अमंगळ पदार्थाचा वास आणि लेप जोवर जात नाही, तोवर माती आणि पाण्याने घासत राहा. म्हणजे शुद्धी झाली की नाही याचा निवाडा नाक आणि डोळे करणार. वास गेला, डाग गेला, काम संपलं. इथे कुणाचा अधिकार लागत नाही आणि कुणाला दक्षिणाही द्यावी लागत नाही.

सुताराकडून याचं आजचं रूप समजून घेण्यासारखं आहे. पाट आधी घराबाहेर न्यायचा आणि तोंडाला फडकं बांधून भुरी ब्रशने काढायची, कारण घरात झटकली तर बीजाणू सगळीकडे पसरतात. मग पाण्यात घातलेल्या व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून, घट्ट पिळून, पाट पुसायचा. बादलीभर पाणी ओतून धुणं म्हणजे रोग्याला रोगच पाजणं. कपडे पांढरे करायचं ब्लीच लाकडावर फारसं उपयोगी पडत नाही. डाग फिका होतो, पण त्यातलं पाणी आत मुरतं. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र तर कधीच आणू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पुसल्यावर पाट उभा करून, चारी बाजूंनी वारा लागेल असा, उन्हात ठेवायचा. ऊन नसेल तर पंख्यासमोर. कडक उन्हात सपाट टाकला तर एक बाजू आधी सुकून फळी वाकते, म्हणून मधूनमधून फिरवायचा. पूर्ण वाळल्यावरच घासपेपर किंवा हलका रंधा, आणि शेवटी लाखेच्या पॉलिशचा हात. ओल आत असताना पॉलिश मारलं तर वासाला कोंडून ठेवल्यासारखं होतं.

कपाटांचं थोडं वेगळं. पाठीमागची प्लायवूडची फळी भिंतीला चिकटलेली असते आणि वास बहुतेकदा तिथूनच येतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, तर अर्धी तक्रार मिटते. लोणारी कोळशाचे तुकडे वाडग्यात घालून आत ठेवले तर वास ओढून घेतात. कळीचा चुना ओल ओढतो, पण तो पाण्याने तापतो आणि कातडी भाजतो. मुलांचा हात पोचेल तिथे तो ठेवू नये. पण भिंतीतून पाणी झिरपत असेल, कौल फुटलं असेल, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचत असेल, तर हे सगळे उपाय म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

आणि धूप? धुपाची टिंगल करण्याचं कारण नाही. गोवरीच्या निखाऱ्यावर टाकलेल्या धुपाने घर प्रसन्न होतं, मन एका ठिकाणी येतं, आणि पूजेत त्याला जी जागा आहे ती त्याने कमावलेली आहे. पण धुपाने ओल जात नाही. कापराने, अत्तराने, उदबत्तीनेही नाही. डांबरगोळ्या तर वासावर दुसरा वास बसवतात आणि वर धोका वाढवतात. ज्या बाळांच्या रक्तात एक विशिष्ट विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. देवासमोरचा गंध देवासाठी असतो. आपली हयगय झाकण्याचं काम त्याच्यावर टाकणं हा धुपाचाही अपमान आहे.

जैन परंपरेने या भुरीकडे पाहिलं ते सगळ्यांहून वेगळ्या डोळ्यांनी. तिच्या लेखी बुरशी ही घाण नव्हे, जीव आहे. एका शरीरात अनंत जीव वसतात अशा अनंतकाय वर्गात तिची गणना होते. साधूंच्या आचाराचे नियम सांगणाऱ्या दशवैकालिक सूत्रात ज्या आठ सूक्ष्म जीवांची काळजी घ्यायला सांगितली आहे, त्यांत पनक म्हणजे बुरशी आहे. कल्पसूत्रातल्या चातुर्मासाच्या नियमांत तर तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा आणि पांढरा असे पाच रंग दिलेत, आणि ज्या वस्तूवर ती उगवते त्या वस्तूच्याच रंगाचीही एक असते, असंही नोंदवलं आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कित्येक शतकं आधी कुणीतरी ओल्या लाकडाकडे इतकं निरखून पाहिलं होतं, आणि ते तिला मारायला निघालेलं नव्हतं. तिला इजा होऊ नये म्हणून पाहत होतं.

पावसाळ्यात जैन साधू-साध्वी एकाच ठिकाणी मुक्काम करतात, कारण ओल्या वाटेवर पावलागणिक जीव असतात. श्वेतांबर साधूंची भिक्षापात्रं लाकडाची असतात. ती रंगवून, गुळगुळीत करून ठेवतात आणि रोज ठरावीक वेळी प्रतिलेखन करतात, म्हणजे वस्त्रं नि पात्रं एकेक करून उलटसुलट तपासतात. एकदा पनक उगवला की पेच पडतो. पुसला तर हिंसा, ठेवला तर तो वाढत जाणार. म्हणून सगळा भर तो उगवूच न देण्यावर आहे. पात्र ओलं ठेवायचं नाही, कोपऱ्यात टाकून विसरायचं नाही. गृहस्थाला ही अहिंसा पूर्णपणे पाळता येणार नाही. व्हिनेगरचं फडकं हातात घेतलेला माणूस लाखो जीव मारतो आहे हे जैन साधूने म्हटलं, तर ते खोटं म्हणता यायचं नाही. पण अकरा महिने पाट माळ्यावर टाकून विसरणाऱ्याने ती हिंसा स्वतःहून ओढवून घेतली आहे, हेही तितकंच खरं आहे.

आता अलिबागला जाऊ. तिथल्या इस्रायल आळीत मागेन अबोथ हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. शतकानुशतकं मराठी बोलणारे, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्रायल जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोकणातल्या याच दमट हवेत राहिले. ज्यू लोक तोरा हा आपला मूळ धर्मग्रंथ वर्षभरात क्रमाने वाचून पूर्ण करतात. त्या क्रमात साधारण एप्रिलच्या सुमारास लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय येतो. त्यात घराला लागणाऱ्या रोगाचा कायदा आहे.

भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले, तर घरमालकाने याजकाकडे जाऊन सांगायचं. याजक येण्याआधी घर रिकामं करायचं, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत. याजक पाहतो आणि घर सात दिवस बंद करतो. सातव्या दिवशी डाग पसरलेला असेल तर तेवढे दगड काढायचे, आतून सगळी भिंत खरवडायची, तो गिलावा गावाबाहेर टाकायचा, नवे दगड आणि नवा गिलावा लावायचा. एवढं करूनही डाग परत आला तर घर पाडायचं, दगड, लाकूड, गिलावा सगळं. परत आला नाही तर दोन पक्षी, देवदाराचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती घेऊन शुद्धीचा विधी करायचा. क्रम पाहण्यासारखा आहे. तपासणी, वाट पाहणं, खरवडणं, पुन्हा तपासणी, आणि मग विधी. घर बरं झाल्याशिवाय विधीला हात लावायचा नाही.

मिश्ना या ज्यूंच्या जुन्या विधिसंग्रहात या कायद्यावर जी चर्चा आहे तिच्यात दोन फार माणुसकीच्या गोष्टी आहेत. मालक कितीही विद्वान असला तरी त्याने "माझ्या घराला रोग आहे" असं म्हणायचं नाही, "रोगासारखं काहीतरी दिसतंय" एवढंच म्हणायचं. आणि रब्बी मेईर विचारतात, घर आधी रिकामं करायला सांगितलं ते कशाला वाचवायला? लाकडी भांडी, कपडे, धातूची भांडी तर धुऊन शुद्ध होतात. मग वाचलं काय? मातीचं मडकं आणि सुरई. गरिबाच्या मडक्याचीसुद्धा ज्याला काळजी आहे असा तो देव, असा त्यातून निघणारा भाव आहे.

पुढे मात्र वाट थोडी वळते. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये असं घर कधी नव्हतंच आणि होणारही नाही, ते फक्त अभ्यासासाठी सांगितलंय, असं एक मत येतं. लगेच कुणीतरी सांगतो की गाझाच्या भागात तशा घराचे अवशेष दाखवतात. त्याच ग्रंथात इतरत्र हा रोग कद्रूपणाची शिक्षा आहे असंही मत येतं. शेजाऱ्याला वस्तू उसनी न देणाऱ्याचं घर रिकामं होतं आणि तो खोटं बोलत होता हे उघडं पडतं. गोष्ट म्हणून ती सुरेख आहे. पण मूळ अध्यायात मालकाच्या पापाचा उल्लेख नाही, तिथे फक्त भिंत आहे. भिंतीवरचा डाग माणसाच्या अंगावर सरकला की धर्माचं काय होऊ शकतं, याची चुणूक इथे मिळते.

लाकडाच्या देवाचं काय होतं, हे पाहायचं तर पुरीला जावं लागेल. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेला त्यांना १०८ घागरींनी स्नान घालतात, आणि त्यानंतर देवांना ताप येतो. पंधरा दिवस दर्शन बंद. दैतापती सेवक आत त्यांची शुश्रूषा करतात, लेप लावतात, मूर्ती पुन्हा रंगवल्या जातात, आणि मग देव नव्या तारुण्यात रथयात्रेला निघतात. चिंब भिजलेल्या लाकडाला विश्रांती लागते, ही गोष्ट भक्तांनी किती मायेने सांगितली आहे! अधिक आषाढ येतो तेव्हा तर मूर्तीच नव्या घडवतात. २०१५ साली असं नवकलेवर झालं, त्याआधी १९९६ साली. जुन्या मूर्तींचं मंदिराच्या आवारात दफन होतं. लाकूड जीर्ण होणार हे तिथे गृहीत आहे.

आणि १०८ घागरी महाडलाही होत्या.

सावित्री नदीकाठचं महाड कोकणातच आहे, तिथलं लाकूडही श्रावणात असंच सादळतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या आपल्या लोकांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं. तळं सार्वजनिक होतं आणि नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव तीन वर्षांपूर्वीच केला होता. त्या दिवशी, तिथे भरलेल्या त्यांच्या परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. नंतर तळं बाटलं म्हणून दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेली १०८ मडकी मंत्रघोषात त्यात ओतली गेली.

इथे मनुस्मृतीचीच कसोटी लावून पाहावी. पाण्याला वास आला होता का? लेप होता का? गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ज्या ग्रंथाने पाटाच्या शुद्धीसाठी नाक आणि डोळे यांची साक्ष मागितली, त्याच ग्रंथाच्या व्यवस्थेने माणसाच्या अशुद्धीसाठी कुठलीच साक्ष मागितली नाही. लाकडाला मिळालेला न्याय माणसाला मिळाला नाही. तळ्यात जे ओतलं गेलं त्यानेच पाणी खराब झालं असणार, हे सांगायला शास्त्र लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. तिच्यात लाकूड तासण्याचा व्यवहारी सल्लाही होता, पण म्हणून त्या ज्वाळा अन्यायाच्या ठरत नाहीत. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं.

मेरी डग्लस यांच्या विचारापाशी राहिलेला प्रश्न इथे सुटा होऊन समोर येतो. बुरशीची जागा पाटावर नाही, हे पाटाच्या झिजण्यावरून कळतं. तळ्यावर माणसाची जागा नाही, हे कशावरून कळत होतं? ज्यांच्या हातात तळं होतं त्यांच्या म्हणण्यावरून, बस्स. नाकाचीही एक खोड आहे. ज्या घरात आपण राहतो त्या घराचा वास काही वेळाने आपल्याला येईनासा होतो, तो बाहेरून आलेल्यालाच येतो. चाकरमान्याला दार उघडताच जो भपकारा येतो, तो दोन दिवस त्या घरात वावरल्यावर त्याला जाणवतही नाही. पिढ्यानपिढ्या एकाच कोंदट घरात राहिलेल्यांना त्या घराची ओल जाणवली नाही, आणि ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं त्यांनी ती बोलून दाखवली.

इकडे गावच्या घरी पाट अजून ओलाच आहे. आभाळ भरलेलं आहे, मध्येच उन्हाची तिरीप येते आणि जाते. घरातला धाकटा ती तिरीप अंगणात जिथे पडेल तिथे पाट हलवत राहतो. भुरी ब्रशने निघाली आहे, फडकं फिरलं आहे, आता नुसतं वाळणं उरलं आहे. संध्याकाळी सर येते तेव्हा तो पाट आत आणून विटांवर टेकवून उभा करतात आणि रात्रभर पंखा लावून ठेवतात. धूप घालायला निघालेल्या काकांना आजी थांबवत नाही, "उद्या सकाळी घाल" एवढंच सांगते.

सकाळी ती पाट मागवून घेते, मांडीवर उलटा धरते आणि खालच्या बाजूला, जिथे सहसा कुणी पाहत नाही तिथे, नाक लावते. थोडा वास आहे अजून. सुताराच्या घरी कुणीतरी घासपेपर आणायला धावतो. दुपारपर्यंत पाटाचा मूळचा पिवळा रंग उघडा होतो आणि फणसाच्या लाकडाचा स्वतःचा गोडसर वास येऊ लागतो. मग त्याच्यावर अक्षता पडतात.

विसर्जनानंतर तो पाट या वेळी माळ्यावर जात नाही. मधल्या खोलीत, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन विटांवर उभा राहतो. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिलेली असते, पंधरवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या म्हणून.